शब्दचर्चा : 'एक्स्ट्रिमोफाइल'ला मराठीत काय म्हणावं?

सिडकोवाली : विज्ञान दिनासाठी आमच्या नाशिकच्या शाळेत भित्तिपत्रक करतोय. विषय आहे परग्रहावरच्या जीवसृष्टीचा शोध. उकळत्या झऱ्यांत, मिठागरांत राहणाऱ्या 'एक्स्ट्रिमोफाइल' जीवांसाठी मुलांनी कुठून तरी 'चरमपसंद' उचललंय. ते हिंदी वाटतं. 'चरमजीवी' केलं तर घाईत चर्मरोग आठवतो. काही सुचतंय?

गोदाकाठ : 'अतिरेकी जीव' सोडून काहीही चालेल! 'टोकजीवी' कसं वाटतं? टोकाचं तापमान, टोकाचा खारेपणा, टोकाची आम्लता, सगळं त्यात बसतं.

निफाडचा बागायतदार : शब्द नंतर ठरवा, आधी एक विचारतो. डॉगरिज खुंट खारं पाणी सोसतो, म्हणून आम्ही त्याच्यावर द्राक्षाचं कलम भरतो. पण त्याला खारं पाणी आवडतं असं नाही. चांगलं पाणी मिळालं तर हवंच असतं. सोसणं वेगळं आणि मानवणं वेगळं. तुमचे जीव यातले कुठले?

वैनतेय : दोन्ही आहेत, आणि गोंधळ तिथेच होतो. 'फाइल' म्हणजे मानवणारा. मिथॅनोपायरस कँडलेरी हा समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांजवळचा सूक्ष्मजीव. प्रयोगशाळेत, प्रचंड दाबाखाली तो १२२ अंश सेल्सियसला वाढलेला नोंदवलाय. पाणी ८० अंशांपर्यंत निवलं की त्याची वाढच थांबते! जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेही खारं पाणी मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पाणी आटून खारेपणा वाढला आणि त्यांचं फावलं. अशा कित्येकांची पेशी गोड्या पाण्यात टाकली तर फुटते.

याउलट जलअस्वल, म्हणजे टार्डिग्रेड हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा इवलासा प्राणी. २००७ साली त्यांना यानातून नेऊन अंतराळाच्या निर्वातात उघडं ठेवलं, तरी त्यातले बरेच जगले. पण कसे? वाळून, निपचित पडून. तिथे ना खाणं, ना वाढ. ते सोशिक. त्यांना निर्वात मानवत नाही.

शोधात दोघांचं काम वेगळं. मानवणारे जीव कुठे शोधायचं ते सांगतात. शनीच्या एन्सेलॅडस या चंद्राच्या फवाऱ्यांत कॅसिनी यानाला हायड्रोजन सापडल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. एवढी खळबळ का? कारण मिथॅनोपायरससारखे जीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करूनच जगतात. सूर्यप्रकाशाशिवाय त्यांचं भागतं. आणि सोशिक जीव सांगतात, आपण इथून चुकून काय घेऊन जाऊ शकतो. १९७५ साली मंगळाकडे निघालेली वायकिंग अवतरणयानं उड्डाणाआधी भट्टीत तापवली होती, ती अशाच चिवट बीजाणूंच्या, म्हणजे जिवाणूंच्या निपचित, कवचबंद रूपांच्या धास्तीने. नाहीतर मंगळावर पृथ्वीचेच जिवाणू 'शोधून' आलो असतो.

गोदाकाठ : मग सरळ 'उष्णताप्रेमी', 'क्षारप्रेमी' म्हणा की. सगळ्यांना मिळून एक शब्द हवाच कशाला?

सिडकोवाली : मथळ्याला हवा ना. तिथे यादी कशी लिहू?

नांदूरकर : 'प्रेमी' नको. वृक्षप्रेमी, प्राणिप्रेमी म्हटलं की सत्कार आणि शाल-श्रीफळ डोळ्यांसमोर येतं. 'टोकजीवी' बरा आहे. मात्र भित्तिपत्रकात एक वाक्य जरूर टाका : राहता येतं म्हणजे उपजता येतं असं नाही. लोणारचं विवर उल्काघाताने झालं. तिथले जीव तिथे जन्मले नाहीत, बाहेरून आले आणि पिढ्यान्‌पिढ्या रुळले. एन्सेलॅडसवर राहण्याजोगं पाणी असलं, तरी तिथे जीवाची सुरुवात कधी झाली का, हा प्रश्न उरतोच. बातम्यांत 'राहण्याजोगं' आणि 'वसलेलं' यांची सर्रास सरमिसळ होते.

सिडकोवाली : छान! मथळ्यात 'टोकजीवी' आणि खाली दोन रकाने : 'मानवणारे' आणि 'सोशिक'. बागायतदारांचेच शब्द घेते.

निफाडचा बागायतदार : घ्या की. छाटणीतून सवड मिळाली तर बघायलाही येईन.

वैनतेय : जलअस्वलाचं चित्र मात्र 'सोशिक'मध्येच चिकटवा. दिसतं गोंडस, म्हणून जो तो उचलून मथळ्याला लावतो.