खारात कोणतं भात टिकेल? बियाणेवाला ‘फिलिपाइन्सचं बी’ देतो म्हणतोय

दाणाबाजार_घणसोली:

राहायला घणसोलीत, नोकरी तुर्भ्याच्या दाणाबाजारात. दिवसभर तांदूळच हाताखालून जातो, पण तो पोत्यातला. शेतातलं मला बेताचंच कळतं, म्हणून जाणत्यांना विचारतोय.

मामाची दीडेक एकर खार (बांध घालून खाडीपासून राखलेली भातजमीन) आहे, उरणच्या अंगाला, खाडीला लागून. बांधावर उभं राहिलं की अटल सेतू दिसतो. आजूबाजूच्यांनी विकून टाकलं, मामा काही ऐकत नाही. गेल्या श्रावणात उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, आणि खाडीचं पाणी आत शिरलं. लावणी उरकलेली होती. आधी पातीची टोकं पांढरी पडली, मग पाती आतल्या आत वळल्या, आणि खाडीकडच्या दोन खाचरांत आवण (लावलेली रोपं) करपूनच गेलं. वरच्या खाचरांत लोंब्या आल्या. वाटलं, तेवढं तरी वाचलं. झोडायला घेतलं तर निम्म्याहून जास्त पळिंज, दाणा न भरलेलं भात! मूठभर दाबून बघितलं, हाताला नुसतं फोल.

खांड गावकऱ्यांनी माती-दगड टाकून बुजवलीय, पण ती तात्पुरती. पक्क्या कामाचा अर्ज दिलाय, तो फिरतोय.

आता मुद्द्याचं. एक बियाणेवाला मागे लागलाय की फिलिपाइन्सच्या संस्थेचं खारं बी आणून देतो, किलोला चारशे, ‘समुद्राच्या पाण्यातसुद्धा येतं’. मामा म्हणतो कसलं फिलिपाइन्स, राता (आपल्याकडचं खारातलं लाल भात) टाकू, पावण्यांकडे बी आहे. आणि खताच्या दुकानातला सांगतो आधी जिप्सम टाका. तिघांचं तीन दिशांना. राब (रोपं करायची जागा) भाजून झालाय, मे संपायच्या आत काय ते ठरवायचंय. असं बी खरंच असतं का?

दापोलीवाली_कळवा:

समुद्राच्या पाण्यात येतं म्हणणाऱ्याला आधी कमरेइतक्या समुद्रात उभं करा आणि तिथे पेरायला सांगा.

आकडेच बघा. पाण्यातली-मातीतली क्षारता ईसीमध्ये, म्हणजे विद्युतवाहकतेत मोजतात, एकक डेसिसायमन प्रति मीटर. समुद्राच्या पाण्याची ईसी साधारण ५०. भाताला ३ च्या वर गेलं की उतारा घटायला लागतो, आणि पुढे दर एककाला अंदाजे १२ टक्के. क्षार सोसणारा चांगला वाण आठ-दहापर्यंत तगला तरी पुष्कळ. कुठे दहा, कुठे पन्नास!

पण बियाणेवाल्याची गोष्ट अगदीच हवेतली नाही, त्यानं ती ऐकलीय कुठेतरी. फिलिपाइन्समध्ये लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे, १९६० पासूनची, म्हणजे इरी. तिथे एफएल ४७८ नावाची एक क्षार सोसणारी ओळ (पैदाशीसाठीचा भाताचा वाण) तयार झाली. जगभरातले पैदासकार ती संकरासाठी वापरतात. आता तिचे आईबाप कोण? एक आयआर २९, जो मिठाला इतका नाजूक की प्रयोगात ‘हा मरणार’ म्हणूनच लावतात. आणि दुसरा पोक्कळी. पोक्कळी कुठला, तर केरळचा, एर्नाकुलमकडच्या खाऱ्या पाणथळ शेतांतला. पावसाळ्यात भात आणि बाकी वर्ष त्याच शेतात कोळंबी, अशी तिथली रीत. (आपल्याकडे पेण-अलिबागच्या बाजूला जिताडा पाळतात, त्याच जातकुळीतला हिशेब.) म्हणजे गुण आपल्याच किनाऱ्यावरून तिकडे गेला आणि आता किलोला चारशे दरानं परत येतोय म्हणे.

तो गुण करतो काय, ते सांगते, कारण तुमच्या दोन तऱ्हेच्या खाचरांचं उत्तर त्यातच आहे. पोक्कळीच्या पहिल्या गुणसूत्रावर एक पट्टा आहे, त्याला ‘सॉल्टॉल’ म्हणतात. मुळातून रस वर चढतो त्यात सोडियमही चढतं. या पट्ट्यातलं एक जनुक ते सोडियम वाटेतच काढून घ्यायला लावतं, पातीपर्यंत फार जाऊ देत नाही. पोटॅशियम मात्र जातं. पातीत सोडियम-पोटॅशियमचं प्रमाण ताब्यात राहिलं की रोप हिरवं. तुमच्या खालच्या खाचरांत पांढरी टोकं आणि वळलेल्या पाती दिसल्या, ते हे ताब्यात न राहिल्याचं लक्षण.

गोम अशी की सॉल्टॉल चालतो तो मुख्यतः रोपावस्थेत. भात मिठाला दोनदा नाजूक असतो. एकदा कोवळं रोप असताना, दुसऱ्यांदा पोटरी (लोंबी पोटात धरते ती अवस्था) ते फुलोरा या काळात. मधे फुटव्यांच्या वेळी बऱ्यापैकी सोसतो. आणि फुलोऱ्यातली सहनशीलता वेगळी, ती एका जनुकाची करामत नाही. वरच्या खाचरांत पीक हिरवं राहून पळिंज निघालं, ते या दुसऱ्या मारानं. पीक तगल्यासारखं दिसतं, दाणा भरत नाही. म्हणून एका जनुकाच्या जाहिरातीवर जाऊ नका.

आता राता. मामांचं म्हणणं धुडकावू नका हो. काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० या आपल्याच खारातल्या भातांतून निवडलेल्या जुन्या जाती, क्षार सोसणाऱ्या म्हणून नावाजलेल्या. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं (आमच्या कोकण कृषी विद्यापीठाचं) पनवेल-१, २, ३ असे वाण काढले. त्यातला पनवेल-१ हा आयआर-८ आणि भुरा राताचा संकर. आयआर-८ म्हणजे इरीचा १९६६ चा गाजलेला बुटका वाण. तुम्हाला फिलिपाइन्सचं रक्त हवंच असेल तर ते पनवेलला केव्हाच येऊन राताशी सोयरीक करून बसलंय. तुम्ही बियाणेवाल्याकडे कशाला जाता? पनवेलला जा, विद्यापीठाच्या केंद्रावर विचारा, बी शिल्लक नसेल तर कुठे मिळेल ते तरी कळेल. दुकानातून घेतलंत तर पिशवीचा टॅग बघा. निळा म्हणजे प्रमाणित, हिरवा म्हणजे कंपनीनं स्वतःच्या शब्दावर विकलेलं. टॅगच नसेल तर हात लावू नका. भात स्वपरागी, एकदा चांगलं बी आलं की भेसळ उपटून काढत दोन-तीन वर्षं घरचंच वापरता येतं.

जिप्समचं थोडक्यात. ते चोपण जमिनीचं औषध, जिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलंय आणि सामू (पीएच) साडेआठच्या वर गेलाय. तुमच्याकडे खाडीचं मीठ शिरलंय. तिथे गोड पाण्यानं धुणं आणि ते पाणी बाहेर काढणं हेच औषध, आणि ते वरून फुकट पडतं. माती तपासल्याशिवाय जिप्समवर रुपया घालू नका.

बदलापूर_उल्हास:

स्वर्णा-सब१ का नाही सुचवत कोणी? आमच्याकडे नदीकाठी पाणी आठ-आठ दिवस बसतं तिथे त्याचं नाव ऐकलंय.

दापोलीवाली_कळवा:

कारण तो बुडीत सोसणारा वाण आहे, मीठ सोसणारा नाही. ओडिशाच्या एफआर१३ए भातातलं सब१ए जनुक स्वर्णात आणलंय. रोप पाण्याखाली गेलं की उंच व्हायची धडपड थांबवतं, साखर जपून ठेवतं, दोनेक आठवडे दम धरतं आणि पाणी उतरल्यावर पुन्हा फुटतं. तुमच्या नदीकाठी जरूर विचार करा, मात्र स्वर्णा उशिरा तयार होतो. यांच्याकडे खाडीचं पाणी आहे.

बेलापूरचा_जुना_खारकरी:

भाच्या, मी तुझ्या मामाच्या वयाचा. आमच्या खारांवर आता सेक्टर उभे हायत, त्यामुळं शेती सुटली, पण खार काय ते इसरलो नाय.

बाईंनी बियाचं झकास सांगितलं. पण तू बी बी करतोस आणि बांध तसाच. तुझ्या मामाला बियानं नाय, खांडीनं मारलंय. खार म्हणजे बांध आणि उघाडी (बांधातली पानी सोडायची मोरी), मग शेत. उघाडीचं झाप, म्हंजे तिचं दार, भरतीला आपोआप मिटलं पायजे आणि ओहोटीला उघडलं पायजे. झापाच्या खालच्या कडेला एक काठी, एक प्लास्टिकची पिशवी जरी अडकली ना, तरी रातभर खारं पानी आत. आणि वरून बघनाऱ्याला बांध शाबूत दिसतो! आम्ही उधाणाच्या दिवसांत, अमावस-पुनवेला, रातचे बॅटरी घेऊन झापाशी बसायचो. खेकड्यांची बिळं बघायची, बोटाएवढ्या बिळातनं सुरुवात व्हते. बीळ दिसलं की पायानं चेपून भागत नाय, उकरून चिखल ठासायचा.

दुसरी गोष्ट कोन सांगत नाय. खांड वर्ष-दोन वर्षं उघडी राहिली तर आत तिवर उगवतात. एकदा तिवर उठले की जमीन सातबाऱ्यावर तुझी, पन तोडायला हात नाय लावता येत. हायकोर्टानं २०१८ साली सांगून ठेवलंय, कांदळवन कोनाच्या बी जमिनीवर असो, तोडायचं नाय. तिवर चांगलेच, आमच्या माशांची पिल्लं तिथंच वाढतात, मी त्यांच्या इरोधात नाय. पन शेत ठेवायचं तर पानी आत्ताच अडवायला पायजे, मागनं रडून उपेग नाय. तुमचा बांध सरकारी योजनेतला हाय का खाजगी, ते आधी बघ. अर्ज कुठं जायचा ते त्याच्यावर हाय. आणि सगळ्या खातेदारांच्या सह्या घे, एकट्याच्या कागदाला कोन इचारतो.

राता मामाला टाकू दे. लाल भाताची भाकर खाल्लीयस ना?

दाणाबाजार_घणसोली:

काका, खाल्लीय, आणि बाजारातलं सांगतो, लाल तांदळाला हल्ली वाशी-नेरूळची गिऱ्हाइकं स्वतःहून विचारतात. पूर्वी रंग बघून नाक मुरडायचे तेच. फक्त मिलवाल्याला सांगावं लागतं की फार पॉलिश मारू नको, लाली कोंड्यात असते, ती गेली की भावही गेला. तेव्हा राताचा माल माझ्याकडून निघेल, त्याची काळजी नाही.

विचार असा ठरतोय: खालच्या दोन खाचरांत राता, वरती पनवेलचा वाण मिळाला तर तो. झापाचं आजच मामाला फोनवर विचारलं. तो म्हणाला झाप वाकडं आहे, गेल्या वर्षीपासूनच. हे त्यानं मला आत्ता सांगितलं!

ताई, लावणीत काही वेगळं करायचं का? आणि माती तपासायची तर कशी न्यायची?

दापोलीवाली_कळवा:

वाकडं झाप सरळ होईपर्यंत बाकी सगळं बाजूला ठेवा.

लावणी. राब वरच्या अंगाला, गोड जागेत. पाऊस लागला की लगेच लावायला धावायचं नाही. पहिलं पाणी खाचरात कोंडून चिखलणी करायची, मीठ पाण्यात उतरलं की ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचं, पुन्हा कोंडायचं. असं दोन-तीनदा. आपल्या पावसाला मीठ धुवायची ताकद आहे, बाहेर जायला वाट मात्र हवी. आवण नेहमीपेक्षा जून घ्या, तीस-पस्तीस दिवसांचं, कारण कोवळं लवकर मरतं. चुडात तीन-चार काड्या, लावणी जरा दाट. त्यानंतर खाचर कोरडं पडू द्यायचं नाही. कोरडं पडलं की खालचं मीठ वर चढतं. म्हणूनच फार गरवा (उशिरा तयार होणारा) वाण नको. मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, त्याआधी दाणा भरलेला बरा. कापणीनंतर जमीन उघडी टाकू नका, पेंढा पसरलात तर उन्हाळ्यात मीठ कमी वर येईल.

माती आत्ताच घ्या, पावसाआधी, मीठ सगळ्यात जास्त असताना. करपलेल्या खाचरांची वेगळी आणि वरच्यांची वेगळी, एकत्र कालवू नका. वरचा वीतभर थर एका पिशवीत, त्याखालचा वीतभर दुसरीत. खताच्या रिकाम्या गोणीत अजिबात नको, आकडा बिघडतो. प्रयोगशाळेत ईसी आणि सामू तर मागाच, शिवाय विनिमययोग्य सोडियमही (मातीच्या कणांना चिकटलेलं) मागा, जिप्समचा प्रश्न त्यावरच सुटतो.

आणि रिपोर्ट हातात आल्यावर एक घोळ होतो तो टाळा. मी वर जे ३ म्हटलं, ते संपृक्त (पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या) मातीच्या अर्कातल्या ईसीचं. नेहमीच्या तपासणीत मात्र एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून मोजतात. पाणी जास्त, म्हणून आकडा लहान येतो. तिथे दीड दिसलं की माणूस खूश होतो, प्रत्यक्षात मुळांना लागणारं मीठ मातीच्या पोतानुसार त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही वर असू शकतं. त्यामुळे रिपोर्ट आला की नुसता आकडा टाकू नका, कोणत्या प्रमाणात मोजलाय तेही विचारून इथे लिहा, मग वरच्या खाचरांचं बघू.