मदत हवी आहे: पुसी विलोला पाने भरपूर, पण तुरे जेमतेम

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीच्या सॉमरसेट काउंटीत राहतो. घराच्या मागच्या अंगणात कुंपणालगत पुसी विलोचे, म्हणजे वसंताच्या आरंभी रेशमी राखाडी फुलोऱ्याचे तुरे येणाऱ्या विलोचे, एक जुने झुडूप आहे, जे आधीच्या मालकीणबाईंनी हौसेने लावले होते. शेजारच्या आजी मूळच्या पोलंडच्या आहेत. त्यांच्याकडे पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ताडाच्या झावळ्यांऐवजी याच झुडपाच्या फांद्या चर्चमध्ये नेण्याची प्रथा आहे, आणि पूर्वी या झुडपावरून त्यांना दरवर्षी ओंजळभर फांद्या मिळत असत. त्या तशा पुन्हा देता याव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे, परंतु आता देण्याजोग्या फांद्याच मिळत नाहीत.

झुडूप अशक्त आहे असे अजिबात वाटत नाही. उंची सुमारे आठ फूट आहे, उन्हाळ्यात ते वरून हिरव्यागार आणि खालून पांढुरक्या पानांनी गच्च भरते, आणि पाने पिवळी पडणे किंवा गळणे असा काही त्रास दिसत नाही. मात्र मार्चमध्ये, ज्या वेळी या झुडपाचे सारे वैभव दिसायला हवे त्या वेळी, बाहेरच्या फांद्या जवळजवळ रिकाम्या असतात आणि आतल्या बाजूला, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर, तेवढे मोजके राखाडी तुरे दिसतात. जे येतात ते अतिशय देखणे असतात: प्रत्येक कळीवर टोपीसारखे एकच तपकिरी कवच असते, ते सुटून पडले की आतली रेशमी लव बाहेर येते आणि काही दिवसांनी त्या लवेतून पिवळे परागकोश डोकावू लागतात.

निदानासाठी उपयोगी पडेल ती माहिती देते. माती लालसर चिकणमाती असून पावसानंतर बराच वेळ ओली राहते. दुपारपासून संध्याकाळपर्यंत चांगले ऊन असते. हिवाळ्यात हरणे अंगणात येतात. हिरवळीची देखभाल करणारी माणसे ऑक्टोबरच्या अखेरीस अंगणातील सर्व झुडपांना यंत्राने गोल आकार देऊन जातात, त्यात हेही आलेच. खत आम्ही कधी दिलेले नाही.

हरणे कळ्या खात असतील का, ऊन कमी पडते का, की झुडूप म्हातारे झाल्यामुळे ते बुंध्यापासून कापून नव्याने वाढू द्यावे? सांडपाण्याची वाहिनी अंगणातूनच जाते, त्यामुळे विलोच्या मुळांचीही काळजी वाटते. याची एखादी काडी पुण्याला आईच्या बागेत लावता येईल का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या वर्णनातच उत्तर आहे: ऑक्टोबरमधील छाटणी. पुसी विलोच्या फुलांच्या कळ्या त्या उन्हाळ्यात वाढलेल्या नव्या फांद्यांवर धरतात आणि शरद ऋतूपर्यंत तयार होऊन हिवाळाभर तशाच थांबतात. यंत्राने बाहेरचा थर उतरवला की नेमक्या याच फांद्या जातात आणि यंत्र जिथे पोहोचत नाही तिथल्या, म्हणजे आतल्या व खालच्या, कळ्या तेवढ्या वाचतात. हरणांची शंका फिटवायची असेल, तर फांद्यांची टोके जवळून पाहावीत. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यामुळे त्याने खाल्लेले टोक फाटल्यासारखे ओबडधोबड दिसते, तर यंत्राने कापलेले टोक सरळ आणि स्वच्छ असते.

पिवळे परागकोश दिसतात म्हणजे आपले झुडूप नर आहे, आणि शोभेसाठी नरच चांगला. मादी झुडपालाही राखाडी लव येते, पण पुढे तिचे तुरे हिरवट होतात. ऊन आणखी मिळाले तर उत्तमच, परंतु अर्ध्या दिवसाच्या उन्हातही हे झुडूप फुलते.

या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या माणसांना हे झुडूप वगळण्यास स्पष्ट सांगावे. शक्य तर त्यावर फीत बांधून ठेवावी. छाटणी करायची ती तुरे गळून पाने फुटू लागताना, साधारण एप्रिलमध्ये. सर्वात जुन्या, जाड खोडांपैकी एक तृतीयांश खोडे जमिनीलगत कापावीत आणि पुढील दोन वर्षे तसेच करावे, म्हणजे तीन वर्षांत सारे झुडूप नवे होते आणि मधल्या काळातही तुरे मिळत राहतात. एकदम सगळे कापले तरी विलो जोमाने फुटतो, पण मला हा सावकाश मार्ग अधिक पसंत आहे, कारण वसंताच्या आरंभी मधमाश्यांना आणि भुंग्यांना परागकण देणारी झाडे फार थोडी असतात.

आजींसाठी लांब, सरळ फांद्या कापणे ही झुडपाची छाटणीच आहे, तेव्हा त्याबाबत संकोच नको. लव राखाडीच टिकवायची असेल तर फांद्या फुलदाणीत पाण्याविना ठेवाव्यात. पाण्यात ठेवल्यास तुरे उमलून पराग सांडतात आणि फांद्यांना मुळे फुटतात.

प्रतिसाद २

मी इंग्लंडमधून लिहीत आहे. आमच्याकडे याच गणातील दुसरी जात, म्हणजे गोट विलो, सर्रास दिसते आणि मुळांविषयीची भीती इथेही तीच आहे. धडधाकट नळी मुळे फोडत नाहीत; जुन्या मातीच्या नळ्यांचे सांधे सुटले किंवा तडा गेला की ओलाव्याच्या मागाने ती आत शिरतात. आपली वाहिनी जुनी असेल, तर कॅमेऱ्याने एकदा तपासून घ्यावी. अडचण निघाली नाही, तर झुडूप हलवू नये.

पुण्याचा विचार मात्र सोडावा असे मला वाटते. या जातीला कडक हिवाळ्याची विश्रांती लागते, शिवाय परवानगी आणि तपासणीच्या दाखल्याविना जिवंत काडी भारतात नेता येत नाही. विलोच हवा असेल, तर आपल्या नदीकाठांवर वाढणारा वाळुंज याच कुळातला आहे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टोके पाहून आले, सगळी सरळ कापलेली आहेत. आता एकच विचारायचे आहे. तळघरातील पाणी बाहेर टाकणारा पाइप अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, सांडपाण्याच्या वाहिनीपासून बराच लांब सुटतो आणि ती जागा कायम ओलसर असते. याच झुडपाची काडी तिथे लावली तर चालेल का?

प्रतिसाद १

जरूर लावावी, विलोसाठी तशीच जागा हवी. मार्चमध्ये, पाने फुटण्यापूर्वी, पेन्सिलीएवढ्या जाडीची आठ-दहा इंचांची काडी घ्यावी, कळ्यांची टोके वर राहतील अशी धरून तिचा दोन तृतीयांश भाग जमिनीत खोचावा आणि पहिला उन्हाळाभर माती सुकू देऊ नये. दोन-तीन काड्या लावाव्यात, आणि भोवती तारेची जाळी पहिल्याच दिवशी उभारावी, कारण कोवळ्या विलोच्या बाबतीत हरणे खरोखरच त्रास देतात.