डाळीचं पाणी वेगळं ठेवायचात का तुम्ही? (सोलापूरकरांनो, लिहा)

बंबवाली
परवा आईकडचा तांब्याचा बंब उजळायला दिला. हॉलमध्ये कुंडी म्हणून ठेवायचाय, हसू नका. काकांनी उलटा करून ठोकला तर आतून पांढऱ्या खपल्या पडल्या, बोटभर जाड. एक उचलून कडेनं बघितली. थरावर थर, खाजा मोडल्यावर दिसतात तसे, आणि मधेच एक तपकिरी रेघ. घरी आणून लेकीसमोर त्यावर लिंबू पिळलं तर फस्सकन फेस आला. तिला गंमत वाटली, मला आजी आठवली.

विजापूर रोडला घर आमचं. अंगणात बोर, त्याचं पाणी मचूळ. नळ आला की आजी पहिला हंडा डाळीसाठी काढायची. त्यावर ताट, ताटावर वरवंटा. पाहुणा दारात उभा असला तरी आधी तो हंडा भरायचा. एकदा मी त्यातलंच पाणी घेऊन चित्रकलेचे ब्रश धुतले आणि गुपचूप बोरच्या पाण्यानं हंडा भरून ठेवला. रात्री कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, मग आणखी चार. तरी डाळ दाणा दाणा वेगळी, वर पिवळं पाणी. आजीनं माझ्याकडे बघितलं फक्त. आजोबांनी काही न बोलता दुधात भाकरी चुरली.

तुमच्याकडे काय काय व्हायचं?

कडक_भाकरी
सोडा टाकायचा की बे चिमूटभर. आमच्यात तेच. डाळ मऊ होते पण चव गेली ती गेलीच

चार_दिवसाआड
जुळे सोलापूरला आज पाणी सुटलं का? पहाटे ४ चा मेसेज होता

पूर्वभागातला
आमच्या नानांचं सूत रंगवायचं काम. चादरीचं सूत. पाणी जड असलं की रंग सगळीकडे सारखा चढत नाही, लाल तर ठिपक्याठिपक्यांचा होतो. साबणाच्या धुण्यातनं काढलं की सुताला चिकट राप बसलेला. मीटरबिटर काही नव्हतं तेव्हा. नाना ओंजळभर तोंडात घ्यायचे, जिभेवर फिरवून थुंकायचे आणि म्हणायचे, आज निळा करू, लाल नको. मी पण तसं करून बघायचो. मला सगळं सारखंच लागायचं. धंदा मी पुढे केला नाही त्याचं हे एक कारण 😄

कडक_भाकरी
@चार_दिवसाआड सुटलं होतं, ४:२० ला. झोपलात

चार_दिवसाआड
गेलं. आता चार दिवस बादल्या मोजा

निवृत्त_मास्तर
रसायनशास्त्र शिकवलंय, राहवत नाही म्हणून लिहितो. बंबवाली, तुमची खपली म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, खडूच म्हणा. पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट तापवलं की कार्बोनेट होऊन खाली बसतं. म्हणून बंब, गिझर, हिटरची कॉइल यांच्यावर थर चढतो आणि लिंबू पडलं की फेस येतो. उकळून एवढीच कठीणता (म्हणजे पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार) जाते. सल्फेट, क्लोराइडवाली उकळून जात नाही. डाळीचं म्हणाल तर दाण्याच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन असतं, कॅल्शियम त्याला घट्ट धरतं, मग दाणा फुटत नाही. सोड्यानं ती पकड सैल होते.

आणि तो पेनासारखा टीडीएस मीटर घेऊन गल्लीभर फिरणाऱ्यांना हात जोडून विनंती. तो एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, कठीणता नाही. त्याची चाचणी वेगळी. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली धरलीय, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांत मुरून राहिलेलं असतं, तिथनं क्षार घेऊनच वर येणार.

शेंगाचटणी
सर तुम्ही आम्हाला नववीला होतात का हो? डस्टर फेकून मारायचे ते?

निवृत्त_मास्तर
डस्टर मी कधीच फेकला नाही. खडू फेकायचो.

शेंगाचटणी
म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट 😂

होटगीरोड_३
आम्ही सॉफ्टनर बसवला, पाण्याची कठीणता काढणारं मशीन. मिठाची गोणी आणायची, ओतायची, मशीन आपलं आपण धुतं. नळाच्या तोट्या चकचकीत झाल्या हे खरं. पण आईची तक्रार की अंगावरचा साबण जातच नाही, बुळबुळीत लागतं. रोज एक बादली बोरची वेगळी भरून ठेवायला लावते. इतके पैसे घालून 🤦

पुण्यात_पण_सोलापूरचीच
आई बरोबर आहे, मला पण तसंच झालं होतं. हॉस्टेलला पहिल्या दिवशी घरच्या मापानं शाम्पू घेतला, फेस काय संपेचना. बाहेर मुलींची रांग, मी आत तांब्यावर तांब्या ओततेय. सोलापुरात केसांचा नुसता झाडू. आजी म्हणायची शिकेकाईच लाव, साबण या पाण्यात दह्यासारखा फुटतो.

बाळेकर
पुणेकरांनी शाम्पू जरा कमीच लावावा. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत, आणि उजनीतनं शंभरावर किलोमीटर पाइपलाइननं तेच पाणी आमच्या नळाला. उन्हाळ्यात धरणात हिरवा तवंग बघितलाय मी, पार रंगवल्यासारखा. कठीणता परवडली

पुण्यात_पण_सोलापूरचीच
😶 मी आता शिकेकाईच लावते

बाळेकर
औजच्या बंधाऱ्याला (तिथनंही सोलापूरला पाणी येतं) उजनीतनं नदीत सोडलेलं पाणी तर आठवडाभराहून जास्त चालत येतं. तेवढ्या वेळात तुमचे दोनदा केस धुऊन होतात

मुतखडा_अनुभवी
मला खडा झाला तेव्हा अख्खी गल्ली म्हणाली बोरच्या पाण्यानं. डॉक्टर म्हणाले तुम्ही पाणीच पीत नाही, आधी प्यायला लागा, मग पाण्याला नावं ठेवा. खरंच दिवसाला दोन तांबे प्यायचो. विडीचं दुकान आहे, उठता येत नाही

शेंगाचटणी
आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचं काय करता? मी तुळशीला घातलं, पानं कडेनं करपली

होटगीरोड_३
त्यात क्षार अजून वाढलेले असतात. फरशीला, संडासला वापरा. झाडांना नको

कडक_भाकरी
बंबवाली, ती मधली तपकिरी रेघ कसली?

निवृत्त_मास्तर
लोह किंवा गाळ असेल. तपासल्याशिवाय सांगू नये.

बंबवाली
आईला फोन केला होता. म्हणाली, मधे एका उन्हाळ्यात बोर आटलं होतं, टँकरचं पाणी होतं, बादलीत तळाला माती दिसायची, तेच बंबात ओतायचो. ते असेल. साल तिलाही आठवत नाही. आणि कुंडी करणार म्हटल्यावर तिनं फोनच ठेवला.

चार_दिवसाआड
उजळायचे किती घेतले?

बंबवाली
अजून सांगितले नाहीत, नुसते बंबाकडे बघून मान हलवत होते

निवृत्त_मास्तर
खपली टाकू नका, कोणा प्रयोगशाळेत तरी द्या.

बंबवाली
सर, ती लेकीनं कंपासपेटीत घालून शाळेत नेलीय. डब्यातल्या लिंबासकट