तापमापीवरचे अंश एकसारखे आहेत, हे ठरवले कोणी?

खडूफळा यांचा प्रश्न

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि सध्या एका शंकेने माझा पिच्छा पुरवला आहे. तापमापी कशी तयार करतात हे आपण वर्गात सांगतोच: वितळत्या बर्फात पारा जिथे थांबतो तिथे ० ची खूण, पाणी उकळताना जिथे थांबतो तिथे १०० ची, आणि मधल्या अंतराचे शंभर समान भाग. हे समान भाग नळीच्या लांबीचे झाले, एवढे मान्य. पण त्यामुळे तापमानाचेही समान भाग पडले, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? २० वरून २१ वर जाणे आणि ७० वरून ७१ वर जाणे ही वाढ तेवढीच आहे असे म्हणायचे, तर पारा तापमानाच्या प्रमाणातच प्रसरण पावतो हे आधी सिद्ध झालेले हवे. ते सिद्ध करायला तापमान मोजणारे दुसरे एखादे साधन लागणार, आणि त्या साधनाबद्दलही हीच शंका घेता येणार.

ही शंका निव्वळ काथ्याकूट नाही. पाऱ्याऐवजी नळीत पाणी भरले तर काय होईल, याचा हिशेब मी घनतेच्या कोष्टकावरून केला. काचेचे प्रसरण सोडून दिले, तर नेहमीची तापमापी ५० दाखवत असताना पाण्याची तापमापी २८ च्या आसपास असेल. शिवाय पाण्याची घनता ४ अंशांना सर्वांत जास्त असल्यामुळे, बर्फातून बाहेर काढल्यावर पाण्याची पातळी आधी शून्याच्या खूणेखाली उतरेल आणि ८ अंशांच्या सुमारास पुन्हा शून्यावर येईल. ही खाली-वर होण्याची खोड वगळली, तरी वरच्या भागात पाणी खोटे आणि पारा खरा हे आपण कसे ठरवले? रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे पाठ्यपुस्तकातले वाक्य मला ठाऊक आहे. परंतु ज्यांनी या खुणा केल्या त्यांच्यापैकी कोणीही रेणूंची गती मोजलेली नव्हती.

जुनी_पाने यांचा प्रतिसाद

ताई, ज्या ठिकाणी तुम्ही अडला आहात, तिथे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातले भले भले लोक अडले होते. शून्य कुठे आणि शंभर कुठे, हा वाद त्या मानाने किरकोळ. फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला ०, वितळत्या बर्फाला ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराला ९६ असे आकडे दिले. सेल्सियस यांनी १७४२ मध्ये उप्सालात मांडलेल्या मोजपट्टीत पाणी ० ला उकळत होते आणि १०० ला गोठत होते. ती उलटी झाली ती त्यांच्या निधनानंतर. या सगळ्यांत एकमेकांत रूपांतर करायला साधे सूत्र पुरते.

खरा वाद नळीत काय भरायचे याचा होता. रेओम्यूर यांनी १७३० च्या सुमारास अल्कोहोल पसंत केले होते. अल्कोहोलची आणि पाऱ्याची तापमापी दोन्ही टोकांना जुळवून घेतली तरी मध्यावर त्यांचे जमत नाही, हे लवकरच लक्षात आले. जिनिव्हाचे द ल्यूक यांनी १७७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यावर एक तोडगा मांडला. वितळत्या बर्फाइतके गार पाणी आणि उकळते पाणी समान वजनाने एकत्र केले, तर मिश्रणाचे तापमान बरोबर मध्यावर यायला हवे. मग ज्या द्रवाची तापमापी मध्याच्या सर्वांत जवळ जाईल तो द्रव खरा. या परीक्षेत पारा पहिला आला आणि अल्कोहोल बरेच मागे राहिले. मेख अशी, की यात पाण्याची विशिष्ट उष्णता, म्हणजे ठरावीक वजनाचे पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, सगळ्या तापमानांना सारखीच असते असे धरलेले आहे, आणि ते तपासायला पुन्हा तापमापीच हवी. म्हणजे तुमचे वर्तुळ फक्त मोठे झाले, तुटले नाही.

मला यात सर्वांत मानी माणूस वाटतो तो फ्रान्सचा रेन्यो. १८४० च्या दशकात त्याने खरे-खोटे ठरवण्याचा नादच सोडला आणि एवढेच विचारले, की एकाच प्रकारच्या दोन तापमाप्या निदान एकमेकींशी तरी जुळतात का? वेगवेगळ्या काचेच्या पाऱ्याच्या तापमाप्या दोन्ही टोकांना जुळवलेल्या असूनही वरच्या तापमानांना काही अंशांनी फटकून वागत होत्या, कारण पाऱ्याच्या प्रसरणात काचेचे प्रसरणही मिसळलेले असते. हवेच्या तापमाप्या मात्र आतली हवा कमी भरा, जास्त भरा, जवळजवळ एकच उत्तर देत राहिल्या. रेन्योने हवेला कौल दिला. ती सत्य सांगते म्हणून नव्हे, तर ती स्वतःशी भांडत नाही म्हणून.

वाटसरू यांचा प्रतिसाद

इतिहास रंजक आहे, पण आज एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? तापमान म्हणजे रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा. ती दुप्पट झाली की तापमान दुप्पट. प्रश्न मिटला.

उष्मागती यांचा प्रतिसाद

वाटसरू, तसा तो मिटत नाही. विरळ वायूच्या बाबतीत तुमचे वाक्य बिनचूक आहे. पण घन पदार्थ पुरेसा थंड केला, की त्यातल्या अणूंची गतिज ऊर्जा तापमानाच्या प्रमाणात उतरत नाही आणि निरपेक्ष शून्यापाशीही ती संपत नाही. द्रवरूप हेलियम तर नेहमीच्या दाबाखाली कितीही थंड केला तरी गोठत नाही, तो याच शिल्लक हालचालीमुळे. १९५१ मध्ये पर्सेल आणि पाउंड यांनी लिथियम फ्लुओराइडच्या स्फटिकातील अणुकेंद्रकांच्या फिरकीला ऋण तापमान दिले. तिथे तर गतिज ऊर्जेचा संबंधच नव्हता. सगळीकडे टिकते ते इतकेच: दोन वस्तू एकमेकींना टेकवल्या असता उष्णता कोणीकडून कोणीकडे जाईल हे तापमान ठरवते, आणि ती कोणीकडेच जात नसेल तर दोन्हींचे तापमान सारखे. यातून वस्तूंचा चढता क्रम लागतो. दोन पायऱ्यांमधले अंतर किती, हे त्यातून कळत नाही, आणि ताईंचा प्रश्न नेमका त्या अंतराचा आहे.

त्याचे उत्तर वाफेच्या इंजिनातून आले. आदर्श, म्हणजे कसलाही अपव्यय नसलेल्या इंजिनाची कार्यक्षमता फक्त ज्या दोन तापमानांमध्ये ते चालते त्यांवर अवलंबून असते, आत वाफ आहे की हवा की आणखी काही यावर नाही, हे सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये दाखवले. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांनी हाच धागा पकडला. पदार्थागणिक उत्तर बदलते ही जर तक्रार आहे, तर ज्या गोष्टीला पदार्थाशी देणेघेणे नाही तिच्यावरच मोजपट्टी बसवावी. आदर्श इंजिन गरम बाजूकडून जेवढी उष्णता घेते आणि थंड बाजूला जेवढी सोडते, त्यांचे गुणोत्तर हेच दोन तापमानांचे गुणोत्तर मानायचे. असे इंजिन कोणी बांधू शकत नाही. पण विरळ होत जाणारा वायू याच मोजपट्टीच्या जवळ जवळ जातो, म्हणून रेन्योचा कौल योग्य ठरला. वायू तिच्यापासून किती ढळतो, तेही थॉमसन आणि जूल यांनी सच्छिद्र बोळ्यातून वायू सोडून मोजले. त्यामुळे पारा बरा आणि पाणी वाईट असे म्हणायला आता पाऱ्याबाहेरचा आधार आहे. जाता जाता, २० अंशांच्या दिवसाहून ४० अंशांचा दिवस दुप्पट तप्त नसतो: या मोजपट्टीवर, म्हणजे केल्व्हिनमध्ये, ते आकडे २९३ आणि ३१३ आहेत, म्हणजे वाढ जेमतेम ७ टक्क्यांची.

खडूफळा

उष्मागती, फार उपकार झाले. पण एक उपप्रश्न. 'गुणोत्तर मानायचे' असे तुम्ही लिहिलेत. मानायचे म्हणजे ते निसर्गाने सांगितलेले नव्हे. इंजिनावर बसवूनही वेगळी मोजपट्टी करता आली असती का?

उष्मागती

आली असती, आणि खुद्द थॉमसन यांनी ती आधी केलीही होती! १८४८ च्या त्यांच्या पहिल्या निबंधातली व्याख्या निराळी आहे. उष्णतेचा ठरावीक साठा एक अंश खाली उतरताना जेवढे कार्य देईल, ते मोजपट्टीवर कुठेही तेवढेच असले पाहिजे, ही तिथली अट. ही अट आजच्या भाषेत उतरवली की अंश आजच्या केल्व्हिनच्या लॉगरिदमप्रमाणे पडतात: १०० केल्व्हिनवरून २०० वर जाणे आणि २०० वरून ४०० वर जाणे, या तिथे सारख्या पायऱ्या आहेत. त्या मोजपट्टीला तळच नाही. कितीही खाली उतरलात तरी पुढे अनंत अंश शिल्लक राहतात. पुढे जूल यांच्यासोबत काम करताना, १८५४ मध्ये, थॉमसन यांनी गुणोत्तराची व्याख्या स्वीकारली, कारण ती वायूच्या तापमापीशी जुळत होती आणि जुने आकडे फारसे मोडावे लागत नव्हते. लॉगरिदमची मोजपट्टी चुकीची नाही. निरपेक्ष शून्य गाठता का येत नाही हे समजावताना ती मला जास्त सोयीची वाटते.

तेव्हा क्रम निसर्गाचा; पदार्थाची लुडबूड टाळणे ही कार्नोंची देणगी; आणि पायऱ्यांची उंची मात्र माणसांनी सोय बघून ठरवलेली.

प्लॅटिनम यांचा प्रतिसाद

मी पुण्याजवळच्या एका कॅलिब्रेशन (मोजमापाची उपकरणे तपासण्याच्या) प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून रोजच्या व्यवहारातले थोडे सांगतो. आमच्याकडे पारा आता क्वचितच दिसतो. सगळा भर प्लॅटिनमच्या तारेच्या रोधावर. कारखान्यांत सर्रास वापरला जाणारा पीटी-१०० सेन्सर ० अंशांना १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५१ ओहम दाखवतो. मधले शंभर समान भाग केले तर ५० अंशांना ११९.२६ ओहम यायला हवेत, प्रत्यक्षात येतात ११९.४०. सरळ रेषेवर विसंबणारा माणूस ते वाचून ५०.४ लिहील. म्हणून प्रत्येक उपकरणात प्लॅटिनमचा हा बाक सुधारणारे समीकरण भरलेले असते. पदार्थाचा हट्ट संपलेला नाही, तो फक्त आकड्यांत पकडला गेला आहे.

ते समीकरण तपासायचे तर काही ठाम मुक्काम लागतात. सध्या चालू असलेल्या १९९० च्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत पाण्याचा त्रिक बिंदू, म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात ते ०.०१ अंश, तसेच गॅलियम, कथील, जस्त, चांदी वगैरेंचे वितळण्याचे वा गोठण्याचे बिंदू आहेत. गंमत म्हणजे पाण्याचा उत्कलनबिंदू त्यात नाही. या मोजपट्टीवर सर्वसाधारण वातावरणीय दाबाला पाणी ९९.९७४ अंशांना उकळते. ज्या शंभरावर सगळे उभे होते तोच शंभर राहिला नाही.

खुद्द केल्व्हिनची व्याख्या २० मे २०१९ पासून बदलली. आधी ती त्रिक बिंदूवर, २७३.१६ या आकड्यावर टेकलेली होती. आता तापमान आणि ऊर्जा यांची सांगड घालणाऱ्या बोल्ट्झमन स्थिरांकाचे मूल्य १.३८०६४९ गुणिले १० चा उणे २३ वा घात ज्यूल प्रति केल्व्हिन इतके कायमचे ठरवून दिले आहे. तो स्थिरांक मोजण्याच्या उत्तम पद्धतींपैकी एकीत आर्गॉनने भरलेल्या गोलसर भांड्यात ध्वनीचा वेग मोजत होते, म्हणजे शेवटी पुन्हा विरळ वायूच.

खडूफळा

प्लॅटिनम सर, शाळेच्या तापमाप्या मुलांकडून उकळत्या पाण्यात तपासून घ्यायच्या आहेत. चालेल ना?

प्लॅटिनम

चालेल, पण पुण्यात १०० ची अपेक्षा ठेवू नका. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे इथे पाणी ९८ च्या आसपास उकळते आणि महाबळेश्वरला ९५-९६ ला. त्या दिवशीचा हवेचा दाब बघून कोष्टकातून अपेक्षित आकडा काढा. दुसरे, तापमापीचा फुगा पाण्यात न बुडवता पाण्याच्या वर, वाफेत ठेवा. भांडे कसले आहे आणि पाण्यात हवा किती विरघळलेली आहे यावर उकळत्या पाण्याचे तापमान थोडे वर-खाली होते. वाफेचे सहसा होत नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॅव्हेंडिश यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १७७७ मध्येच हा सल्ला दिला आहे, आणि त्या समितीत वर उल्लेख आलेले द ल्यूकही होते. बर्फाच्या बाजूला मात्र बर्फ बारीक कुटून घ्या, शक्यतो शुद्ध पाण्याचा घ्या, आणि साचलेले पाणी अधूनमधून काढून टाका.