पेटीतल्या बाळाला प्रोबायोटिकची पुडी, तीही मनाने?

भांडुपची आत्या: काल इथे कुणीतरी लिहिलंय, "सातव्या महिन्यात झालेल्या बाळाला मेडिकलमधून प्रोबायोटिकची पुडी आणून सुरू करा, डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत." वाचून डोकं सणकलं. माझी भाची 29 आठवड्यांची, 41 दिवस पेटीत होती. पुडीत जिवंत जंतू असतात. कच्च्या आतड्यातून ते रक्तात उतरले तर? 2023 मध्ये अमेरिकेत असंच एक बाळ गेलं. रक्तात सापडलेला जंतू दिलेल्या प्रोबायोटिकमधलाच होता, तिथल्या औषध नियामकाने, एफडीएने, इशारा काढला.

जुळ्यांची आई: ते मीच लिहिलंय. माझ्या धाकट्याला एनईसी झालं, म्हणजे आतडं सुजून सडायला लागलं. पोट टणक, नळीतून हिरवं परत येत होतं. आतड्याचा तुकडा काढावा लागला. नंतर कळलं की ऑस्ट्रेलियातल्या प्रोप्रेम्स चाचणीत एनईसीचं प्रमाण 4.4 टक्क्यांवरून 2 वर आलं होतं, तेही 2013 मध्येच. डब्ल्यूएचओसुद्धा 2022 पासून म्हणतंय, आईच्या दुधावरच्या 32 आठवड्यांआतल्या बाळांसाठी विचार करता येईल. मग मला कुणी विचारलं का नाही?

परळ नाइट ड्यूटी: ताई, "आईच्या दुधावरच्या" हे तुम्हीच लिहिलंत, ते सोडू नका. आणि जंतू कुठला यावर सगळं आहे. इंग्लंडमधल्या पिप्स चाचणीत 1,300 वर बाळं होती, जंतू वेगळा होता, काही फरक पडला नाही.

गिरगावकर: ओडिशात साडेचार हजार बाळांवर अशीच चाचणी झाली, जंतुसंसर्ग कमी झाला. आपल्याकडचंच आहे, ते का लपवता?

परळ नाइट ड्यूटी: लपवत नाही. ती बाळं किमान 2 किलोची, 35 आठवडे भरलेली होती. आमच्या पेटीतली 900 ग्रॅमची नव्हेत.

गिरगावकर: बरं, ते मी नीट वाचलं नव्हतं. पण आपण सगळे बाळगुटीवरच वाढलो ना? हिरडा, मुरडशेंग, जायफळ, दोन-दोन वेढे. पोटाला याहून चांगलं काय?

भांडुपची आत्या: गुटीचं नावच काढू नका! भाची घरी आली त्याच दिवशी वहिनीच्या आईने सहाण काढली. कडेला जुन्या हळकुंडाचा पिवळा थर होता, मी नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. वर मधाचं बोट. 1,700 ग्रॅमचं पोर! मी सहाण उचलून माळ्यावर टाकली. त्या दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.

गिरगावकर: मध नको, मान्य. पण सहाण घासून, उकळून घेतली तर? आमच्या आईने पाच वाढवली.

परळ नाइट ड्यूटी: उकळली तरी नको. दादा, पाचही दिवस भरलेली असतील.

जुळ्यांची आई: तुमची गुटी चालू द्या. माझ्या प्रश्नाचं काय?

परळ नाइट ड्यूटी: आतडं सांभाळायला आधी दूध, ताई. आईचं नसेल तर मिल्क बँकेचं, 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं. सायनला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली बँक काढली ती यासाठीच. प्रोबायोटिक द्यायचं की नाही हे त्यानंतर, डॉक्टरांनी बाळ बघून ठरवायचं.

जुळ्यांची आई: दूध माझं होतं. नवरा डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने बर्फात ठेवून आणायचा, छातीशी धरून. 40 मिली. आमच्या हॉस्पिटलात म्हणाले, बाहेरून काढलेलं चालत नाही. पावडर पाजली.

"मेडिकलमधून आणा" हे वाक्य काढते. बाकीचं काढणार नाही.

भांडुपची आत्या: त्या दुधाचं काय केलं गं?

जुळ्यांची आई: बेसिनमध्ये ओतलं. रोज.