रोज पाणी घालूनही लॉन पिवळं पडतंय (सांगली)

अंगणवेल
सांगलीत विश्रामबागला आमचं घर आहे. पुढं साधारण ४० चौरस मीटर लॉन. जानेवारीत नर्सरीतून तयार तुकडे आणून लावले, मार्चपर्यंत दृष्ट लागावी असं हिरवं होतं. ऊन वाढलं तशी रोज संध्याकाळी सातला पंधरा मिनिटं पाइप मारते. तरी मधोमध पिवळे चट्टे पडलेत, कडेला लव्हाळा माजलाय. जमीन काळी आहे, वर चार बोटं लाल माती टाकलीय. सासूबाई म्हणतात पाणी जास्त होतंय, ह्यांच्या मते कमी पडतंय. दोन वेळा देऊ का?

कृष्णाकाठ
ताई, थांबा, आणखी पाणी देऊ नका. दोन गोष्टी करून सांगा. पाइपनं २० लिटरची बादली किती वेळात भरते? आणि पिवळ्या चट्ट्यात खुरप्यानं पाच-सहा बोटं उकरून माती मुठीत दाबा, काय होतंय बघा.

अंगणवेल
बादली एका मिनिटात भरली. माती लोण्यासारखी चिकटली, आंबूस वासही येतोय.

कृष्णाकाठ
मग सासूबाईंचं खरं आहे. पंधरा मिनिटांत ३०० लिटर, म्हणजे ४० चौरस मीटरवर रोज साडेसात मिलिमीटर. आठवड्याला ५० च्या वर गेलं. आपल्याकडं भर उन्हाळ्यात गवताला आठवड्याला तीसेक मिलिमीटर पुरतं, तुमच्या जागेला १२०० लिटर. लाल मातीतून पाणी चटकन उतरतं आणि खाली काळीवर अडून बसतं. मुळं त्या चिखलात गुदमरतात. पातं पिवळं दिसलं की आपल्याला वाटतं तहान लागली.

मी वाळवा तालुक्यातला, तीस वर्षं ऊस केला. ऊस पिवळा पडला की वडील आणखी पाणी सोडायचे. नदीकडची तीन एकर क्षारपड झाली, उन्हाळ्यात मीठ सांडल्यासारखी पांढरी दिसायची. पुढं चर काढून जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकावे लागले. तुमचं वाचलं आणि तेच रान डोळ्यापुढं आलं.

आता पाच-सहा दिवस पाणी बंद. माती दाबल्यावर ढेकूळ होऊन बोटानं सहज फुटलं, की वापसा आला. मग आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी ६०० लिटर. पण एकदम नाही: पंधरा मिनिटं द्या, अर्धा तास मुरू द्या, परत पंधरा मिनिटं. वार धरून बसू नका. चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले, पातं निळसर पडून मिटायला लागलं, तर समजा पाण्याची वेळ झाली. वळिवाचा पाऊस झाला तर पाळी चुकवा.

अजिंक्यताऱ्याखाली
साताऱ्यात गोडोलीला आमचं लॉन मुरमावर आहे. तिथं दोनदा भागत नाही. तेवढंच पाणी चार वेळा विभागून द्यावं लागतं, मुरूम धरून ठेवत नाही. त्यामुळं आमचं बघून तुम्ही करू नका. वेळ मात्र बदला. संध्याकाळचं पाणी रात्रभर पात्यावर राहतं, बुरशी धरते. पहाटे सहाला द्या. उन्हाळ्यात फार बारीक कापूही नका, एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच.

अंगणवेल
सहा दिवस बंद ठेवलं. आज ढेकूळ फुटलं, वासही गेला. पाणी बोअरचं आहे, चालेल का? आणि लव्हाळा उपटते तर चार दिवसांत परत येतो.

कृष्णाकाठ
बोअरच्या पाण्यानं फरशीवर पांढरे डाग पडत असतील तर क्षार आहेत. पाणी एकदा तपासून घ्या, निम्मं नळाचं घालता आलं तर बरं. लव्हाळा नुसता उपटला तर शेंडाच हातात येतो, गाठ खाली राहते. वापशावर असताना खुरप्याचं टोक खोल घालून गाठीसकट काढा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, तिथंही फुटतो.