प्लायवूडच्या पेटीत सरड्यासाठी हीटर कसा बसवावा?

प्रश्न (रत्नागिरी): बिअर्डेड ड्रॅगनसाठी सुताराकडून चार फुटी प्लायवूडची पेटी करून घेतली आहे. तीत सिरॅमिक हीटर (बल्बसारखा होल्डरमध्ये बसणारा, उजेड न देता उष्णता देणारा) बसवताना आगीचा धोका कसा टाळावा?

उत्तर (वेंगुर्ला): होल्डर चिनी मातीचाच घ्यावा, कारण प्लास्टिकचा त्या उष्णतेने वितळतो, आणि सरडा चिकटून भाजू नये म्हणून हीटरभोवती जाळी लावावी. थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारे उपकरण) तो कधीही चालू ठेवू नये. ऊन खाण्याच्या दगडावर सुमारे ४० अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २८ अंश पुरेत.

उत्तर (अलिबाग): आपल्याकडे खरी अडचण खाऱ्या हवेची, होल्डरमधल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढला की सांधा तापू लागतो, तेव्हा पावसाळा सरताच मेन स्विच बंद करून होल्डर उघडून पाहावा. रात्री खोली २० अंशांखाली जात नसेल, तर हीटर बंदच बरा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) मात्र आधी बसवून घ्यावा.